भाषा दोन, लिप्या तीन : एका चुकलेल्या गुणाची गोष्ट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की आपल्या सीमाभागातील गावागावांतून स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. वक्तृत्व, हस्ताक्षर, पाठांतर आणि या सगळ्यांत मुलांच्या विशेष आवडीची म्हणजे प्रश्नमंजूषा. मारुतीच्या देवळापुढे मंडप, तरुण मंडळाचा लाऊडस्पीकर, चार बाकांवर चार शाळांचे संघ आणि समोर सतरंजीवर बसलेला सारा गाव. उत्तर बरोबर आले की टाळ्या, चुकले की मागच्या रांगेतून हळहळ. स्पर्धा लहान, पण तिथे मराठी शाळेतील मूल आपल्या भाषेत जगाविषयी बोलते आणि गाव ते ऐकतो. म्हणून आमची समिती ही स्पर्धा नेटाने भरवते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत परीक्षक म्हणून मी बसलो होतो. जागतिक इतिहासाची फेरी होती. प्रश्न होता, 'इजिप्तमधील रोझेटा शिळेवर किती भाषांतील मजकूर आहे?' माझ्या हातातील कागदावर उत्तर होते, तीन. सातवीतील एक मुलगी म्हणाली, 'दोन.' मी घंटा वाजवली. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी 'तीन' म्हटले आणि दहा गुण मिळवले. ती मुलगी खाली बसेना. म्हणाली, 'सर, भाषा दोनच हाईत की. लिप्या तीन.'

मी तिला सांगितले, 'बाळ, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो.' मंडप हसला. तिच्या संघाचा दुसरा क्रमांक त्या एका प्रश्नाने गेला.

रात्री घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच जाऊन पाहिले. मुलगी बरोबर होती. माझा कागद चुकीचा होता. तो कागद मी एका सामान्यज्ञानाच्या गाईडवरून उतरवून घेतला होता आणि गाईडकाराने तो आणखी कुठून तरी उतरवला असणार. मुलीने मात्र गावच्या वाचनालयातील विश्वकोशाचा खंड उघडून वाचला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या गावी गेलो. वडील गोठ्यात होते. म्हणाले, 'गुरुजी, एवढ्यासाठी कशाला आलासा?' मी म्हटले, चूक माझी आहे, ती तुमच्या मुलीला सांगायला आलो. समितीने पुढे त्या संघाला दुसरा क्रमांक विभागून दिला, प्रशस्तिपत्रही दिले. पण त्या दिवशी मंडपात ज्या टाळ्या वाजायच्या राहिल्या त्या पुन्हा कशा वाजवणार?

हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडीशी भरपाई. जागतिक इतिहासाचे जे प्रश्न आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे विचारले जातात, त्यांतील काहींची उत्तरे आपण अर्धवट शिकवतो, काहींची चूक शिकवतो. त्यांतूनच भाषा आणि लिपी यांच्याशी संबंधित काही प्रश्न येथे घेतले आहेत. आपण सीमाभागातील माणसे. भाषेचा प्रश्न आपल्याला पुस्तकात वाचावा लागत नाही, तो दारातच उभा असतो. पण जगात तो आणखी कुठे कुठे उभा राहिला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे वाटते.

रोझेटा शिळा

प्रथम त्या मुलीचा प्रश्न. १७९९ सालच्या जुलै महिन्यात, नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये असताना, रशीद या गावाजवळ किल्ल्याच्या कामात फ्रेंच सैनिकांना एक काळी शिळा सापडली. रशीदला युरोपीय लोक रोझेटा म्हणत, म्हणून ती रोझेटा शिळा. तिच्यावर इसवी सनापूर्वी १९६ मधील, पाचव्या टॉलेमी राजाच्या वेळचे एक फर्मान कोरलेले आहे. वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक ही रोजच्या व्यवहाराची लिपी आणि खाली ग्रीक. पहिल्या दोन लिप्यांतील भाषा एकच, प्राचीन इजिप्शियन. म्हणून लिप्या तीन, भाषा दोन. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. एकच मराठी आपल्या पणजोबांनी मोडीत लिहिली, आपण बालबोधीत लिहितो. लिपी बदलली म्हणून भाषा बदलत नाही.

१८०१ मध्ये फ्रेंचांचा पाडाव झाला आणि शिळा इंग्रजांकडे गेली. १८०२ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 'शिळा सापडली कोणाला' आणि 'शिळा आहे कोठे' यांची उत्तरे मुले हमखास चुकतात, कारण सापडली फ्रेंचांना आणि आहे इंग्रजांकडे.

चित्रलिपीचे कोडे १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने सोडवले. शिळा सापडली तेव्हा तो आठ वर्षांचा पोरगा होता. थॉमस यंग या इंग्रजाने त्याच्या आधी काही अक्षरे ओळखली होती, हेही सांगावयास हवे. पण शांपोल्यों पुढे गेला, त्याचे एक कारण असे की त्याला कॉप्टिक भाषा येत होती. कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचे शेवटचे रूप. बोलण्यातून ती जवळजवळ गेली होती, पण इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेत ती जपून ठेवली होती. कोणी तरी आपल्या देवघरात जपलेली भाषा हजारो वर्षांच्या इतिहासाची किल्ली ठरली.

याच प्रश्नाला जोडून आपल्या देशाचा प्रश्न विचारता येतो. सम्राट अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी कोणी वाचली? जेम्स प्रिन्सेप, १८३७. आणि आणखी जवळचा प्रश्न, मराठी आणि कन्नड ओळी एकाच ठिकाणी शेजारी शेजारी कोरलेल्या कोठे आढळतात? कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी. तेथे तमिळ ओळही आहे. दगडावर तीन भाषा शतकानुशतके गुण्यागोविंदाने नांदत आहेत, माणसांना मात्र ते जमू नये याचे आश्चर्य वाटते.

छपाईचा शोध कोणी लावला?

गाईडमधील उत्तर, गटेनबर्ग. प्रश्न असाच विचारला तर उत्तर अपुरे आहे. लाकडी ठशांवरून छापण्याची कला चीनमध्ये फार पूर्वीपासून होती. इसवी सन ८६८ ही तारीख छापलेले वज्रसूत्र हे बौद्ध पुस्तक आजही लंडनमध्ये आहे. सुटे खिळे जुळवून छापण्याची युक्ती चीनमधील बी शेंगने अकराव्या शतकात काढली. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक उपलब्ध आहे. जर्मनीतील माइन्झ गावच्या गटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले. खिळे ओतण्याची चांगली रीत, तेलाची शाई आणि दाबयंत्र यांचा त्याने असा मेळ घातला की युरोपात पुस्तक स्वस्त झाले. म्हणून प्रश्न असा विचारावा, 'युरोपात सुट्या खिळ्यांच्या छपाईचा पाया कोणी घातला?'

पुढचा प्रश्न आपल्या शेजारचा. भारतातील पहिला छापखाना कोठे सुरू झाला? गोव्यात, १५५६ मध्ये. आणि त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. ग्रंथकर्ता इंग्रज, ग्रंथ मराठी ओव्यांचा आणि छापला रोमन अक्षरांत, कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. पुन्हा तोच धडा, लिपी परकी असली तरी भाषा मराठीच.

राजाने केलेली लिपी

जगातील बहुतेक लिप्या कोणी केल्या हे सांगता येत नाही. कोरियाची लिपी याला अपवाद आहे. राजा सेजोंग याने १४४३ मध्ये ती सिद्ध केली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिला आज हंगुल म्हणतात. तोवर कोरियन माणूस चिनी अक्षरांत लिहीत असे. ती हजारो अक्षरे शिकणे शेतकऱ्याला शक्य नव्हते. सेजोंगने अठ्ठावीस सोपी अक्षरे दिली. त्यांतील चोवीस आज वापरात आहेत. दरबारातील विद्वानांनी विरोध केला. चिनी अक्षरे सोडली तर आपण रानटी ठरू, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःच्या भाषेची लाज वाटणारे विद्वान सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळतात.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा काढून टाकण्यात आली. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोशाचे काम करणाऱ्या मंडळींना अटक झाली आणि हस्तलिखित जप्त झाले. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाल्यावर ते हस्तलिखित सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले आणि पुढे छापले गेले. 'हंगुल दिन केव्हा?' असा प्रश्न मुलांना विचारतात. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबर. पण हस्तलिखिताची ही हकीगत सांगितली तर ती तारीख पाठ करावी लागत नाही.

एक नोव्हेंबर

आपल्या भागात १ नोव्हेंबर म्हटले की १९५६ सालची राज्य पुनर्रचना आठवते. त्यावर नव्याने लिहिण्याची गरज नाही. जगाच्या इतिहासात १ नोव्हेंबरला भाषेशी निगडित आणखी एक घटना आहे. १९२८ मध्ये याच दिवशी तुर्कस्तानात केमाल पाशाच्या राजवटीने अरबी लिपी बंद करून लॅटिन लिपीचा कायदा केला. अक्षरे एकोणतीस. नव्या वर्षापासून छपाई आणि सार्वजनिक व्यवहार नव्या लिपीत. स्वतः केमाल पाशा फळ्यापाशी उभा राहून लोकांना अक्षरे शिकवताना काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे.

याचा फायदा झाला, साक्षरता वाढली. तोटाही झाला, नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. आपल्या घरातील ट्रंकेत मोडी कागद असतील तर हा तोटा काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. सातबारा कोणाच्या नावे होता हे पाहायला मोडी वाचणारा माणूस शोधत हिंडावे लागते.

गळ्यातील लाकडी पाटी

आता असा प्रश्न, जो आपल्या स्पर्धांत मी कधी ऐकला नाही. 'वेल्श नॉट' म्हणजे काय?

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ प्रदेश. त्याची भाषा वेल्श, इंग्रजीहून सर्वस्वी वेगळी. एकोणिसाव्या शतकात तेथील अनेक शाळांत एक लाकडी तुकडा असे. शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात तो अडकवत. त्या मुलाने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की तुकडा त्याच्या गळ्यात जाई. शेवटी ज्याच्या गळ्यात तो राही त्याला मार बसे. म्हणजे मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला शिकवले जाई.

१८४७ मध्ये तेथील शिक्षणावर सरकारी अहवाल निघाला. चौकशी करणाऱ्या तिन्ही आयुक्तांना वेल्श येत नव्हते. त्यांनी लिहिले की वेल्श लोकांच्या मागासलेपणाला त्यांची भाषा कारण आहे. लोक संतापले. अहवालाची बांधणी निळी होती, म्हणून 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' हे नाव पडले आणि ते आजतागायत टिकले.

येथपर्यंत गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. पण पुढचा भाग नीट वाचावा. लाकडी पाटीचा कोणताही सरकारी कायदा नव्हता. ती पुष्कळदा वेल्श बोलणाऱ्या मास्तरांनीच गळ्यात घातली आणि आईबापांनी ते चालवून घेतले. पोर इंग्रजी शिकेल, चार पैसे मिळवील, ही त्यामागची भावना. तिला वाईट कसे म्हणावे? पण परिणाम काय झाला तो आकड्यांत दिसतो. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधील जवळजवळ निम्मी माणसे वेल्श बोलत होती. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १७.८ टक्के आहे.

शासनाच्या धोरणाविरुद्ध आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते करावयासच हवे. पण आपल्या गावातील मराठी शाळेची पटसंख्या कोणत्या सरकारी आदेशाने कमी झाली आणि किती आपल्याच हाताने, याचा हिशेब आपण मांडला आहे काय? सकाळी गावच्या वेशीवर उभे राहावे आणि पिवळ्या बसमध्ये चढणारी मुले कोणाकोणाच्या घरची आहेत ते पाहावे. त्यांत मराठीसाठी भाषणे करणाऱ्यांची मुले-नातवंडे असतात. शिक्षकांचीही असतात. मी हे दुसऱ्यांना म्हणत नाही, माझ्या नात्यातही ती आहेत.

इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणत नाही. कन्नडही उत्तम यावे, ज्या राज्यात राहतो तेथील भाषा येणे ही सोयीची आणि शहाणपणाची गोष्ट आहे. प्रश्न इतकाच की एक भाषा शिकण्यासाठी दुसरी गळ्यातील पाटी का व्हावी?

वेल्सची गोष्ट येथे संपत नाही. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ या गावात पहिली वेल्श माध्यमाची शाळा सुरू झाली, मुले अवघी सात. त्या सात मुलांपासून चळवळ वाढली. १९९३ मध्ये वेल्श भाषेचा कायदा झाला, २०११ मध्ये तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. पट कमी झाला म्हणून शाळा बंद होण्याची भीती ज्या गावांना वाटते, त्यांनी हा सात आकडा लक्षात ठेवावा.

एकवीस फेब्रुवारी आणि सोळा जून

'जागतिक मातृभाषा दिन केव्हा?' हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत असतो. उत्तर, २१ फेब्रुवारी. 'का?' असे विचारले की मुले गप्प होतात.

१९४७ मध्ये पाकिस्तान झाले. त्या देशातील निम्म्याहून अधिक माणसे पूर्वेकडे राहत होती आणि बंगाली बोलत होती. तरी मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन जाहीर केले की देशाची राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू राहील. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यातील विद्यार्थी जमावबंदी मोडून रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सलाम, बरकत, रफिक, जब्बार ही नावे बांगलादेशातील लहान मुलालाही पाठ असतात. १९५६ च्या पाकिस्तानी घटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान मिळाले. पुढे १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला.

गाईडमध्ये चूक कोठे होते? 'मातृभाषा दिन १९५२ पासून जगभर पाळला जातो' असे लिहिलेले असते. तसे नाही. कॅनडात राहणाऱ्या दोन बंगाली भाषिकांनी पत्रे लिहून ही कल्पना पुढे मांडली, बांगलादेशाने ती उचलून धरली, युनेस्कोने १७ नोव्हेंबर १९९९ रोजी ती मान्य केली आणि २००० पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला.

याला जोडून आपल्या देशातील दोन तारखा मुलांना सांगाव्यात. १९ मे १९६१ रोजी आसामातील सिलचर येथे बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्या अकरा जणांचा गोळीबारात बळी गेला. आणि १७ जानेवारी १९५६. ही तारीख आपल्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही. दरवर्षी त्या दिवशी बेळगावात आपण हुतात्म्यांपुढे डोके ठेवतो. पण आपल्या सातवीतील मुलाला ढाका माहीत असते आणि १७ जानेवारी माहीत नसते, किंवा १७ जानेवारी माहीत असते आणि ढाका माहीत नसते. दोन्ही एकत्र कळले तर आपण जगात एकटे नाही हे त्याला कळेल.

दुसरी तारीख १६ जून १९७६, दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो. वर्णद्वेषी सरकारने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवावेत असा हुकूम काढला होता. त्याविरुद्ध हजारो शाळकरी मुले रस्त्यावर आली. गोळीबार झाला. हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा मारला गेला. त्याला उचलून धावणाऱ्या तरुणाचे छायाचित्र जगभर छापले गेले. आज १६ जून हा त्या देशात युवा दिन आहे.

येथेही एक बारकावा आहे. 'सोवेटोची मुले मातृभाषेसाठी लढली' असे आपल्याकडे लिहितात. त्या मुलांच्या मातृभाषा झुलू, सोथो अशा होत्या आणि मोर्चा त्या भाषांच्या मागणीसाठी नव्हता. तो सत्ताधाऱ्यांची भाषा लादण्याविरुद्ध होता. आफ्रिकान्सपेक्षा इंग्रजी बरी, असे पुष्कळांचे मत होते. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा इतिहास वाकवू नये. आपला इतिहास कोणी वाकवला तर आपल्याला राग येतोच ना?

आणि एक उत्तर अलीकडे बदलले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत भाषा किती? १९९६ च्या घटनेनुसार अकरा. २०२३ मध्ये मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेला बारावे स्थान मिळाले. जुनी गाईडे अकराच सांगतात.

आणखी काही खाचखळगे

भाषेबाहेरच्या नेहमीच्या प्रश्नांतही खाचखळगे आहेत. शिक्षकांसाठी चार नोंदतो.

पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कोणी पूर्ण केली? मॅगेलन हे उत्तर चूक. तो १५२१ मध्ये फिलिपीन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये जहाज परत आणले ते एल्कानोने.

रशियाची ऑक्टोबर क्रांती केव्हा झाली? १९१७, पण आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबरला. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, तिच्यानुसार त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता.

वॉटर्लू कोणत्या देशात आहे? नेपोलियन हरला म्हणून मुले फ्रान्स म्हणतात, वेलिंग्टन जिंकला म्हणून काही इंग्लंड म्हणतात. ते बेल्जियममध्ये आहे. लढाई १८१५ ची.

वास्को-द-गामाने भारताचा शोध लावला काय? मुळीच नाही. १४९८ मध्ये तो युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून समुद्रमार्गे कालिकतला पोहोचला. ज्या देशात माणसे राहत होती, बाजार भरत होते, त्याचा 'शोध' कसा लागेल?

समितीचे तीन नियम

त्या चुकलेल्या गुणानंतर आमच्या समितीने तीन नियम केले. ते सर्व शाळांनी आणि वाचनालयांनी घ्यावेत अशी विनंती आहे.

पहिला, कोणताही प्रश्न एका गाईडवरून घ्यायचा नाही. उत्तर एका तरी चांगल्या ग्रंथात पडताळून पाहायचे. मराठीत साधने नाहीत ही सबब चालणार नाही. डॉ. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचे खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आता सारे वीस खंड मोबाइलवरही फुकट वाचता येतात. जगाची माहिती मराठीत आणण्यासाठी या माणसांनी आयुष्ये वेचली. आपण निदान पाने उलटावीत.

दुसरा, प्रत्येक 'कोण' आणि 'केव्हा'च्या पाठोपाठ एक 'का' विचारायचा आणि त्याला वेगळे गुण द्यायचे. पहिल्या वर्षी मुले बिचकली. दुसऱ्या वर्षी पालकांनाच गंमत वाटू लागली. मागच्या रांगेतील म्हातारी माणसे आपापसांत 'का' शोधू लागली.

तिसरा आणि महत्त्वाचा, स्पर्धकाने हरकत घेतली तर परीक्षकाने ती लिहून घ्यायची, मंडपातच ग्रंथ उघडून पाहायची आणि चूक निघाली तर ध्वनिक्षेपकावरून कबूल करायची. यासाठी आता टेबलावर विश्वकोशाचे चार-सहा खंड ठेवलेले असतात. यात परीक्षकाचा मान जात नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

भारताच्या घटनेत १९५६ च्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. हा आपला हक्क आहे आणि त्यासाठी भांडणे चालूच राहील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचाही आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. पण कलम आणि दर्जा या दोन्ही गोष्टींना अर्थ येतो तो गावच्या शाळेत मूल असेल तर आणि त्या मुलाच्या हातात पुस्तक असेल तर.

यंदाच्या स्पर्धेसाठी गावोगावच्या वाचनालयांनी प्रत्येकी दहा प्रश्न उत्तरांसह आणि 'का'सह लिहून द्यावेत. उत्तर कोठे पाहिले तेही लिहावे. मुलांनी प्रश्न पाठवले तर अधिक बरे. आलेले प्रश्न समितीपुढे वाचले जातील.

त्या मुलीची शाळा नंतर बदलली, ती हायस्कूलसाठी दुसऱ्या गावी गेली. जाण्यापूर्वी एकदा वाचनालयात भेटली. मी विचारले, आता कोणता खंड वाचतेस? म्हणाली, 'सर, तुमच्या त्या कागदावर आणि एक चूक होती. सांगू काय?'

मी वही काढली आणि लिहून घेतले.